छातीवरची चाचणी

दोनशेवी गोळीही सरळ लक्ष्याच्या मधोमध गेली, तेव्हा सुरक्षा कंपनीच्या साहेबांनी कानांवरची झाकणं काढली.

"एकदाही अडकलं नाही हो पिस्तूल," ते म्हणाले.

"अडकलं असतं तर मीच परत पाठवलं असतं," परीक्षक म्हणाला.

अठरा वर्षं तो गोळीबाराच्या मैदानावर हेच करत होता. पिस्तुलं आणि काडतुसं झाडून बघायची आणि कागदावर सही ठोकायची. आज टेबलावर काडतुसांची दोन खोकी होती. एकात नेहमीची, शिशाची. दुसऱ्यात पोलादी टोकाची. शिशाची गोळी पाण्याचे दोन डबे फोडून तिसऱ्यात थांबली होती. पोलादी गोळीने पाचही डबे फोडले, मागची जाड फळी फोडली आणि ती मातीच्या बांधात कुठेतरी गडप झाली. साहेबांनी फळीच्या भोकात बोट घालून पाहिलं.

"चला, आता आमची पाळी," भावोजी म्हणाले.

भावोजी म्हणजे परीक्षकाच्या थोरल्या बहिणीचा नवरा. त्यांचा बुलेटप्रूफ जाकिटांचा कारखाना होता आणि माल विकायची त्यांची रीत ठरलेली होती. नवंकोरं जाकीट स्वतः घालायचं, दहा पावलांवर उभं राहायचं आणि मेहुण्याला छातीवर गोळी झाडायला लावायची. गोळी लागली की ते एक पाऊल मागे जायचे आणि खो खो हसायचे. गिऱ्हाईक तिथल्या तिथे सही करायचं. असं एकवीस वेळा झालं होतं. कारखान्यातलं शिवणकाम सगळं ताई सांभाळायची, मोठेपणा मात्र भावोजींचा.

त्याच ताईला भावोजींनी दीड महिन्यापूर्वी जिन्यावरून ढकललं होतं. दोन बरगड्या मोडल्या. त्याआधी पट्ट्याच्या बक्कलने भुवई फुटली होती, त्याआधी दात पडला होता. घरच्यांना, शेजाऱ्यांना, सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे मूग गिळून बसले होते. हॉस्पिटलात ताईच्या उशाशी बसून परीक्षकाने हळूच सांगितलं होतं, "पुढच्या चाचणीला पहिली गोळी पोलादी भरतो. चुकून झालं म्हणेन."

ताई छताकडे बघत पडली होती. "आणि तुझं काय होईल?"

"माझं होईल ते होईल. पुढच्या वेळी तो तुला जिवंत सोडायचा नाही."

त्यावर तिने डोळे मिटून घेतले होते. आज सकाळी मात्र तिचा फोन आला.

"नेहमीचीच काडतुसं भर. माझी शपथ आहे तुला."

"अजून त्याचाच पुळका?"

"शपथ म्हटलं ना," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

त्याने भिंतीवर मूठ आपटली. हाडं मोडून घ्यायची आणि वर मारणाऱ्याचीच वकिली करायची, याला काय म्हणावं? त्याने दोन मॅगझिन भरली. उजव्या खिशात शिशाचं, डाव्या खिशात पोलादी.

भावोजींनी जाकीट चढवून पट्टे आवळले.

"साहेब, हा आमचा मेहुणा. हात कापतो का बघा हं. बहिणीवर गेलाय, भित्रा."

साहेब कसंनुसं हसले.

"ताई कशी आहे?" परीक्षकाने विचारलं.

"कशी असणार? पंधरा दिवस झाले, गुमान कामावर येतेय. थोडं दुखलं की माणूस शहाणं होतं."

परीक्षकाचा हात डाव्या खिशात गेला. समोरची छाती पाण्याच्या डब्यासारखी फुटलेली त्याला स्पष्ट दिसली आणि बरं वाटलं. फार बरं वाटलं. नुसतं हे मॅगझिन काढून पिस्तुलात सरकवायचं, की संपलं. पण शपथ आडवी आली. मनातल्या मनात ताईला शिव्या घालत त्याने डाव्या खिशातून हात काढला, उजव्या खिशातलं मॅगझिन घेतलं आणि पिस्तुलात बसवलं.

"तयार?"

"झाड रे. शंभर वेळा काय विचारतोस."

त्याने गोळी झाडली. भावोजी एक पाऊल मागे गेले. हसायला त्यांनी तोंड उघडलं आणि त्यातून रक्ताची गुळणी बाहेर आली. ते गुडघ्यांवर बसले आणि तसेच कलंडले.

साहेब ओरडत धावले. परीक्षकाने पट्टे कापले आणि जखमेवर दोन्ही तळवे दाबून धरले. रक्त बोटांमधून वर येत राहिलं, त्याच्या कोपरांपर्यंत गेलं. भावोजींनी त्याचं मनगट धरून ठेवलं होतं. काही मिनिटांत ती पकड सुटली.

परीक्षकाने डाव्या खिशातलं मॅगझिन काढलं. पोलादी काडतुसं मोजली. दहाच्या दहा होती. पिस्तुलातली तपासली. सगळी शिशाची.

साहेबांनी जाकिटाच्या भोकात बोट घालून कापड टरकावलं. आत संरक्षक कापडाचे चोवीस थर असायला हवे होते. एकही नव्हता. घडी घालून नीट बसवलेली एक जुनी चादर होती.

"मालात चोरी करणारे खूप पाहिले," साहेब पांढऱ्याफटक चेहऱ्याने म्हणाले, "पण स्वतःच्या अंगावरच्या जाकिटात?"

ते पोलिसांना फोन लावायला बाहेर गेले. परीक्षकाने रक्ताळलेल्या हातांनी ताईला फोन लावला. तिने पहिल्याच रिंगला उचलला.

"ताई..."

"काडतुसं नेहमीचीच होती ना?" तिने विचारलं.

"हो."

"मग पोलिसांना खुशाल मोजू दे. तुला काही होत नाही. त्या जाकिटाची शिवण माझी आहे, मी सांगते त्यांना."