बाजूला बसायचे दिवस

कुकरची दुसरी शिट्टी झाली तसा प्रतिमाने गॅस बंद केला आणि ती ओट्यापासून मागे सरली.

“मी बाजूला झाले हो,” ती म्हणाली.

चिंतामणराव सोवळं नेसून देवघरात बसले होते. बायकोकडे मान न वळवता त्यांनी “बरं” म्हटलं. देऊळगाव राजात घरोघरी पूजा सांगणारा माणूस. घरात बाईने पाळी पाळली नाही तर यजमान काय म्हणतील, ही त्यांची जन्माची काळजी. आता तीन दिवस स्वयंपाक त्यांचा. म्हणजे भात करपलेला आणि वरणात मीठ अंदाजपंचे.

प्रतिमा मागच्या खोलीत गेली. चटई, तांब्या, वेगळं ताट. कोनाड्यात वाचनालयाची दोन पुस्तकं, कालच आणून ठेवलेली.

एरवी तिचं वाचन म्हणजे किराण्याच्या पुडीचा कागद. सकाळी पाणी, नैवेद्य, डबे, दुपारी येणारे-जाणारे, रात्री पुस्तक उघडलं की दुसऱ्याच ओळीला डोळा लागायचा. कसं वाटतं असं कुणी विचारलं असतं तर ती म्हणाली असती, काही वाटत नाही. हात चालत राहतात. हे तीन दिवस मात्र तिला कुणी हाक मारायची नाही. भांड्याला हात लावायचा नाही, पाण्याला नाही, लोणच्याला तर नाहीच.

पुस्तकाला चालायचं. पोथीला विटाळ, गोष्टीच्या पुस्तकाला नाही, हा कायदा सासूबाईंचा. प्रतिमा लग्न होऊन आली त्या वर्षी महामायाबाई साठीच्या होत्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सुनेला ही खोली दाखवली आणि म्हणाल्या, “ही आता तुही.” सोवळ्याओवळ्यात त्यांचा धाकच असा की कायद्याचं मूळ कुणी विचारलं नाही. त्या वाचनावर प्रतिमा उरलेला महिना काढायची. ते गेलं असतं तर तिच्याजवळ तिचं असं काही उरलं नसतं.

यंदा घरात सून आली. मुलाची, विहंगची बायको श्रद्धा, पिंपळगाव राजाची, औषधाच्या दुकानात दिवसभर कामाला. आपण बाजूला बसणार नाही, हे तिने पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं. चिंतामणराव आठवडाभर फुगून बसले, मग निवळले. पण सासूला चटईवर पाहून पोरीचा जीव तुटायचा.

त्या दिवशी ती उंबरा ओलांडून सरळ आत आली आणि प्रतिमाला खेटून बसली.

“आई, तुम्ही काय गुन्हा केलाय?”

“सवय आहे गं मला.”

“आणि बावन्नाव्या वर्षीही चालूच? मला हे लक्षण बरं वाटत नाही. जालन्याला चांगल्या बाई डॉक्टर आहेत. उद्याच जाऊ.”

प्रतिमाने पुस्तक मिटलं. तेवढ्यात दाराशी महामायाबाईंची काठी आपटली.

“काही जायचं नाही जालन्याले! माहंबी लई उशिरा बंद झालं. आन् तू काऊन शिवली तिले? आंघोळ कर आधी.”

श्रद्धाने आंघोळ केली नाही. ती तशीच सासऱ्यांकडे गेली आणि हे बाजूला बसणं बंद करा म्हणाली. विहंग तिच्या बाजूने बोलला. संध्याकाळपर्यंत घर पेटलं होतं. महामायाबाई एकट्याच विरोधात होत्या.

“मी जित्ती हाय तोवर ह्या घरातली बाई बाजूलेच बसन!”

“मग आजी, पाप मला लागू द्या,” श्रद्धा म्हणाली.

भात करपवून चिंतामणरावही कंटाळले असावेत.

“प्रतिमा, बाहेर ये,” त्यांनी हाक मारली. “आजपासून हे बंद.”

श्रद्धाने सासूला मिठी मारली. तिला रडू आवरेना. विहंगने दोघींचा फोटो काढून स्टेटसला टाकला.

“बरं झालं,” प्रतिमा म्हणाली आणि कणीक मळायला बसली. पुस्तक निम्म्यावर राहिलं होतं.

पुढच्या महिन्यात ती ओट्याशीच होती. त्याच्या पुढच्याही. मुदत संपली म्हणून विहंग पुस्तकं परत करायला निघाला. त्यातलं एक घरात कुठं सापडलंच नाही. प्रतिमाला रडू आलं नाही, राग आला नाही. थंडीत भांडी घासल्यावर बोटं बधिर होतात, तसं आतून होत गेलं. येणारा-जाणारा म्हणायचा, वहिनी सुटल्या बाई.

मग एका सकाळी महामायाबाईंनी अंथरूण धरलं. कंबर धरली म्हणाल्या, आणि आपली गादी मागच्या खोलीत टाकायला लावली.

“तीन दिवस उठणं नाही माहं. मले प्रतिमाच पायजे, दुसऱ्याचा हात नको. आन् मधात तिले कोणी हाक मारायची नाही.”

अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आईपुढे कोण बोलणार? चिंतामणराव “बरं” म्हणाले. सासू आगीतून निघून फुफाट्यात पडली, असं श्रद्धाला वाटलं. ती धुसफुसत भात टाकायला गेली.

प्रतिमा कोमट तेलाची वाटी घेऊन आत आली. सासूबाई उशीला टेकून ताठ बसल्या होत्या.

“दार लोट.”

तिने लोटलं.

“तेल ठेव तिकडं. कंबरेले काही झालं नाही.” त्यांनी उशीखालून पुस्तक काढलं. तेच, निम्म्यावर राहिलेलं. “राह्यलं तिथून वाच. हळू, माह्या कानापाशी. मले आता अक्षर दिसत नाही.”

प्रतिमाने वाटी कोनाड्यात ठेवली. “आई, तुम्हाला…”

“तुहं तीन वर्सांमागंच बंद झालं, हे का मले समजत नाही?” महामायाबाईंनी डोळे मिटून घेतले. “मी साठीपर्यंत बसत होती.”