वाक्यात उपयोग

"जेवायच्या टेबलावर फक्त इंग्रजी बोलायचं. हा हार्ड अँड फास्ट रूल आहे," बाबांनी फर्मान काढलं. मी तेव्हा पहिलीत होते. अर्थ विचारला, तर म्हणाले, "जो कुणासाठीही वाकत नाही, तो नियम." त्याच जेवणात मला ठसका लागला, तोंडातून "पाणी" निघून गेलं आणि बाबांनी मला भरल्या ताटावरून उठवलं.

यंदाच्या पक्षाघातात बाबांचं इंग्रजी पार पुसलं गेलं. मराठीतले चार शब्द तेवढे उरले. आज जेवताना त्यांना ठसका लागला. कसेबसे म्हणाले, "पाणी."

आई धावली. मी तिच्या हातातून ग्लास घेतला आणि टेबलावर ठेवला, बाबांचा हात पोचणार नाही इतका लांब.

"हं, बाबा, आता इंग्रजीत मागा पाहू."