अखेरची आंघोळ

मोहल्ल्यात मयताला अखेरची आंघोळ घालायची ती युसुफचाचांनीच. पोलीस कोठडीत मेलेल्या शाहरुखलाही त्यांनीच घातली. तो जिन्यावरून पडला, असं पोलीस सांगत होते. चौकशी व्हावी म्हणून पोरं ठाण्यासमोर बसली. त्यांच्यातला शाहरुखचा दोस्त, कोरीट गावचा हेमराज तर चाचांच्या पाया पडला. "चाचा, त्यानी पाठवर काय देखं, तितलंच सांगा."

"मयतना आंगवर जे दिसस ते कोणले सांगतस नही, बेटा."

त्याच संध्याकाळी पोलिसांनी हाती लागलेल्या पोरांना मारत मारत गाडीत कोंबलं. त्यांत चाचांचा नातू अकील होता.

तिसऱ्या दिवशी अकीलचं मयत घरी आलं. चाचांनी दाराला आतून कडी लावली, त्याला कुशीवर वळवलं, आणि हातातला तांब्या तसाच राहिला.

त्यांनी कडी काढली. दारात हेमराज उभा होता.

"मझार ये. देखी ले," त्याला आत घेत चाचा म्हणाले. "शाहरुखनी पाठ बी अशीच व्हती."