सुकन्याचा जबडा

"सुकन्या, हा बघ तुझा जबडा," असं म्हणत फरहत डॉक्टरांनी कंप्युटर तिच्याकडे वळवला. झुंबर जागची हलली नाही. सुकन्या म्हणजे आपणच, हे ध्यानात यायला तिला दर वेळी थोडा वेळ लागायचा. आईनं, भामाबाईनं, मागून कोपर मारलं तेव्हा कुठं ती पुढे सरकली.

सुकन्या तिची थोरली बहीण. पाचव्या वर्षी तापानं गेली. तिचा जन्मदाखला मात्र पत्र्याच्या पेटीत ठणठणीत होता. निरवांगीचं स्थळ आलं, भामाबाईनं दाखला काढला, आणि झुंबर एका दुपारीत पाच वर्षांनी मोठी झाली. पत्रिकेतही सुकन्याच छापलं. लग्न रविवारी.

वरचे पुढचे दोन दात गेल्या हंगामात गेले होते. माळेगावच्या रस्त्यावर चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढताना झुंबर तोंडावर आपटली होती. तेव्हापासून ती बोलताना तोंडावर हात धरायची. होणारे सासरे बापूसाहेब म्हणाले होते, "खर्च माजा. पर मांडवात सून हसली पायजे. बोळकं दिसाया नगं." म्हणून पुण्यात स्कॅन झाला, त्याची सीडी आली, आणि आज असलं काम करणारा बारामतीतला हा एकमेव कंप्युटर हिरड्यात स्क्रू कुठं बसवायचा ते ठरवणार होता. लग्नापुरते त्यावर कामचलाऊ दात आणि नंतर पक्के, असा बेत. बापूसाहेब डॉक्टरांच्या चाकाच्या खुर्चीत बसून मागंपुढं सरकत होते. खुर्ची त्यांना फार आवडली होती.

पडद्यावर जबडा करड्या फोडींमध्ये कापलेला दिसत होता. डॉक्टरांनी एक फोड मोठी केली. मग दुसरी.

"अक्कलदाढेला मुळंच आलेली नाहीत," त्या म्हणाल्या. "पुढच्या दाढांची मुळंही टोकाला उघडीच आहेत. एकोणीस वर्षांच्या जबड्यात असं नसतं. मावशी, हिचं खरं वय किती?"

"दाखला बघितला की तुमी," भामाबाई म्हणाली.

"दाखला बघितला. आता जबडा बघतेय."

झुंबर पडद्याकडे बघतच राहिली. गेले दोन महिने ती आईला सांगत होती, मामाला सांगत होती, वर्गशिक्षकांना सांगायला निघाली तर आईनं तिची शाळाच बंद केली. कुणी ऐकलं नव्हतं. आणि ह्या डबड्यानं न विचारता सगळं सांगून टाकलं. त्याला ना भावकी, ना सोयरीक, ना कुणाची भीड. तिनं तोंडावरचा हात काढला.

"चौदा," ती म्हणाली. "मी नववीत हाय. सुकन्या कवाच मेलीय. मी झुंबर."

भामाबाईनं टेबलावरचा दाखला उचलून पिशवीत घातला.

"हाड अजून वाढतंय," डॉक्टर म्हणाल्या. "आत्ता स्क्रू घातला तर बाकीचे दात पुढं जातील आणि हे दोन मागंच अडकतील. चार वर्षं तरी थांबायला हवं. आणि लग्नालाही. अठराच्या आत लग्न लावणं गुन्हा आहे, काका."

सगळे बापूसाहेबांकडे बघायला लागले. त्यांना फसवलं होतं, मेलेल्या पोरीचं नाव गळ्यात मारलं होतं. आता हा माणूस उठणार, सोयरीक मोडणार, जाताना आईला चार शिव्या घालणार. झुंबर त्या शिव्यांची वाट बघत होती. आईसाठी तिला वाईटही वाटत होतं, पण थोडंच.

बापूसाहेब उठले नाहीत. खुर्ची सरकवत पडद्याजवळ गेले.

"म्याडम, ही मशीन चुकत न्हाय?"

"ह्यात नाही चुकत."

"चौदाच?"

"फार तर पंधरा."

बापूसाहेबांनी मांडीवर थाप मारली. "आवं भामाबाई, मग हे आदी का न्हाय सांगितलं? आमच्या भावकीत निस्ती बोंब हाय. पोरगी निबार हाय, वयामुळं दात पडल्यात, दाखल्यावर एकोणीस म्हंजी खरी पंचवीस आसंल. निम्मी माणसं लग्नाला येत न्हाईत म्हणत्यात."

"काका, मी काय म्हणाले ते ऐकलंत ना?"

"ऐकलं की. सरकारला दाखवाया एकोणिसाचा दाखला हाय. नावबी सुकन्याच ऱ्हाऊ द्या, पत्रिका वाटून झाल्यात. आन दाताची घाई न्हाय. हाड आमच्या घरी वाढंल." ते पडद्यावरच्या फोडींकडे कौतुकानं बघत राहिले. "तेवढा ह्यो फोटू मोठा काढून द्या, म्याडम. रविवारी मांडवात ठिवतो. ज्याला शंका आसंल, त्यानं यावं आन बघावं."