बदकांचं बिऱ्हाड

"हिलाही पाखरं नाही द्यायची," आई म्हणाली आणि फाटकाला कडी घालून आत आली.

अभयने कपाळाला हात लावला. छावणीतल्या कर्नलसाहेबांची बायको स्वतः गाडी घेऊन आली होती. बंगला, हिरवळ, बदकांना डुंबायला हौद, राबायला माणसं. पाखरांना याहून काय पाहिजे?

"काय वाईट होतं त्यांचं?"

"वाईट काही नाही. तिला बदकीण तेवढी पाहिजे, बाकी कुणी नको. स्वतःच्या महागाच्या कोंबड्यांची अंडी हिच्याखाली ठेवणार. म्हणाली, सुना है किसी का भी अंडा रख दो, बैठी रहती है."

"मग खरंच आहे ना. तूच सांगायचीस, मस्कोव्ही बदकिणीसारखी उबवणारी दुसरी नाही."

"बसते ना, दाणापाणी विसरून बसते," आई म्हणाली. "आणि ती बसते हे एकदा लोकांना कळलं, की मग तिला उठू कोण देतं?"

एवढं बोलून ती परसात दाणे टाकायला गेली.

मानक नगरच्या रेल्वे कॉलनीतलं हे क्वार्टर सोडायची वेळ आली होती. अभय शाळेत असतानाच त्याचे वडील, देवानंद, गेले. त्यांच्या जागी आई, कमल, रेल्वेच्या संशोधन संस्थेच्या ऑफिसात लागली आणि आता सुपरिंटेंडेंट होऊन निवृत्त झाली होती. भंडाऱ्याहून आलेल्या या बाईने लखनऊत कोंबड्या पाळल्या, त्याचं कुणाला फार नवल वाटलं नाही. मस्कोव्ही बदकं मात्र बघायला लोक यायचे. तोंडावर लाल चामखिळी, चाल पोलीस ठाण्यातल्या हवालदारासारखी, आणि आवाज म्हणाल तर नाहीच, नुसती फुसफुस. कोंबड्या कलकल करायच्या, बदकं माश्या-डास मटकावत फिरायची. नर जरा दांडगट होता, कोंबड्यांच्या पाठीवर चढायचा, म्हणून त्याला वेगळं कोंडावं लागे. एरवी सगळ्यांचा संसार बरा चालला होता.

अभय आला होता आईला पुण्याला न्यायला. "तू आता आराम कर," असं त्याने फोनवर सांगितलं होतं. बायकोची, रूपालीची, बाळंतपणाची रजा संपत आली आहे, तान्ह्या सावनीला दिवसभर कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न आहे, हे सांगितलं नव्हतं. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्याची जुनी सवय. आईला एकटीला मागे ठेवायची त्याला भीती वाटायची, हे खरंच होतं. पाळणाघराची त्याहून जास्त वाटायची, हेही खरं होतं.

आई हो किंवा नाही काहीच बोलली नव्हती. "आधी पाखरांचं बघू दे," एवढंच. तिकिटं निघाली होती आणि घोडं पाखरांपाशी अडलं होतं.

ऑफिसातला राजाराम सगळी पाखरं न्यायला तयार होता, गच्चीवर ठेवणार होता. आईने जिना बघितला आणि परत फिरली. "तिसऱ्या मजल्यावर कोंडून घ्यायचं आणि खालची माती बघत बसायचं," ती म्हणाली.

मग जकिया आपा आल्या. निवृत्त नर्स, आलमबागेत एकट्या राहणाऱ्या. नर त्यांच्याकडे बघून फुसफुसला तशा त्या दोन पावलं मागे सरल्या. "ये तो साँप की तरह फुफकारता है, दीदी." अभयने त्यांना मनातल्या मनात बाद केलं.

आई मात्र त्यांचं घर बघायला निघाली. अभयही गेला. बैठं जुनं घर, मागे आंगण, आंगणात पेरूचं झाड. लेकीला स्थळ बघावं तशी आई चौकशी करत होती.

"सर्दी में धूप आती है इधर?"

"शाम तक रहती है."

"रात को दरवाज़ा कौन बंद करता है?"

"मैं ही. और है कौन."

"और बीमार पड़ीं तो?"

"तो पड़ी रहती हूँ, दीदी. चाय की तलब लगे तो उठती हूँ."

आई हसली. या मुक्कामात अभयने तिला पहिल्यांदाच हसताना पाहिलं. "जगह ठीक है," ती म्हणाली.

परतताना अभयला राहवलं नाही. "आई, उनको बत्तख का कुछ पता नहीं है, यार. नर वेगळा कोंडायचा हेसुद्धा नाही."

"शिकतील."

"शिकवणार कोण?"

"होतं सगळं हळूहळू."

अभयने पुढे ताणलं नाही. पाखरं मार्गी लागली, याचाच त्याला एवढा आनंद झाला होता की त्याने रूपालीला लगेच मेसेज केला: सुटलो एकदाचे.

निघायच्या दिवशी दारात टेम्पो उभा राहिला. कोंबड्यांच्या टोपल्या, बदकांच्या टोपल्या, नराची वेगळी. आईची ट्रंक आणि वळकटीही तिने त्यातच चढवायला लावली. आलमबागेहून स्टेशन जवळ, दोन खेपा कशाला, असं म्हणून अभयने स्वतः ट्रंक उचलून दिली. बाबासाहेबांची तसबीर तिने चादरीत गुंडाळून मांडीवर घेतली. शेजारणी रडल्या, ती रडली नाही.

आंगणात टोपल्या उघडल्या. कोंबड्या बिचकत बाहेर आल्या, बदकं मात्र सासरी रुळलेल्या सुनेसारखी थेट पाण्याच्या घमेल्याकडे गेली. आई उभी राहून बघत होती. अभयला तिची दया आली. पोटच्या पोरासारखी वाढवलेली पाखरं टाकून जाणं सोपं नसतं. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"चल आई. टेम्पोवाल्याला थांबवलंय."

तेवढ्यात पदराला हात पुसत जकिया आपा बाहेर आल्या.

"दीदी, आपका पलंग खिड़की के पास लगवा दिया है," त्या म्हणाल्या. मग अभयकडे वळल्या. "और बेटा, आप चाय पीकर जाइएगा. आपकी ट्रेन में तो अभी वक़्त है."