पाऊस थोपवणाऱ्याचा मीटर

जुमादी मेकॅनिकच्या लेकीचं दुपारी लग्न होतं. पाऊस थोपवायला बोलावलेले कार्सोआजोबा मोटरसायकलवरून उतरले, तेव्हा जुमादीची नजर गाडीच्या वेगाच्या मीटरवर गेली. काचेच्या आत पाणी डुचमळत होतं आणि उभ्या गाडीचा वेग अठ्ठ्याऐंशी दिसत होता. जुमादीने काचेवर बोट टेकवून विचारलं, "आजोबा, पाऊस तुमचं ऐकतो ना?" "ऐकतो. मीटर ऐकत नाही. तो तू बघ, मी काड्यांवर मिरच्या टोचून ढग अडवतो." जुमादीने मीटर उघडला. रबर फाटलेलं, वायरच्या पिना हिरव्या पडलेल्या. त्याने पिना घासल्या, रबर बदललं. "आता तासभर ऊन हवं," तो आशेने म्हणाला. आजोबांनी काळ्या आभाळाकडे पाहिलं. "आजचं ऊन लग्नासाठी राखलंय. मीटरवर कशाला उधळायचं? नवरीचा केस वाळवायचा ड्रायर आण." जुमादीने ड्रायर आणायला जाता जाता बायकोच्या कानात सांगितलं, "मांडवावर गुपचूप ताडपत्री घाल."