मँगनीज अधिक सात

बाळ झोपलं की दुपारी रूपा ‘नीट’ची तयारी करणाऱ्या मुलांना फोनवर केमिस्ट्रीच्या अडचणी सोडवून द्यायची. फर्दापूरची मोनिका रोज एकच विचारायची, पोटॅशियम परमँगनेटमधल्या मँगनीजचा ऑक्सिडेशन नंबर कसा काढायचा? रूपाही न कंटाळता सांगायची, पोटॅशियम अधिक एक, चार ऑक्सिजन प्रत्येकी वजा दोन, सगळ्यांची बेरीज शून्य झाली पाहिजे.

आज मोनिकानं चुकून वहीच्या भलत्याच पानाचा फोटो पाठवला. हेच गणित, उत्तर अगदी बरोबर, आणि वर तारीख पंधरा दिवसांपूर्वीची.

“अगं, तुला तर हे कधीचंच येतंय!”

पलीकडून बारीक आवाज आला, “सॉरी मॅडम. आई-पप्पा लेणीपाशी दुकानावर असतात. दिवसभर घरात बोलायला कुणीच नाय. आता नाय करणार फोन.”

रूपानं घड्याळाकडं पाहिलं. नवरा वाळूजच्या कंपनीतून यायला अजून सहा तास होते.

“थांब, ठेवू नको!” ती घाईघाईनं म्हणाली. “उद्या डायक्रोमेटचं विचार. ते समजवायला जास्त वेळ लागतो.”